बोकास्तेलची रेड आणि व्हाइट : कोणत्या पदार्थाला कोणती वाइन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही ल्यों शहरात राहता. सुट्टीत दक्षिणेला गेला असताना शातो द बोकास्तेल या वाइनरीच्या तीन बाटल्या आणल्या. एक 2016 ची शातोनफ-द्यू-पाप रेड, दुसरी त्याच नावाची 2019 ची व्हाइट आणि तिसरी ‘कूदुले’ नावाची, त्यामानाने स्वस्त रेड. आता घरी फ्रेंच सहकारी आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे एकत्र जेवायला बसणार आहेत, स्वयंपाक निम्मा फ्रेंच आणि निम्मा मराठी असेल, आणि ‘मटणाला रेड, माशाला व्हाइट’ या नियमावर निभावेल का, असे तुम्ही विचारले आहे.

त्या नियमावर निभावणार नाही. ऱ्होन खोऱ्यातल्या वाइन निवडणे, त्या साठवणे आणि जेवणाबरोबर वाढणे हेच माझे काम असल्यामुळे इतके ठामपणे सांगतो की, या वाइनरीच्या बाबतीत रंगापेक्षा वाइन अंगाने किती भारी आहे आणि बाटलीचे वय काय आहे, या दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. इथली व्हाइट अनेक रेड वाइनपेक्षा भारदस्त असते, आणि इथली रेड दहा वर्षांच्या आत एका प्रकारच्या जेवणाला शोभते, तर वीस वर्षांनंतर अगदी वेगळ्या जेवणाला. असे का होते हे समजण्यासाठी आधी ती द्राक्षे कुठे आणि कशी वाढतात, हे थोडे पाहू.

शातोनफ-द्यू-पाप हे आव्हिन्यों आणि ओरांज या दोन शहरांच्या मधले गाव. चौदाव्या शतकात पोपची गादी रोमहून आव्हिन्योंला आली, तेव्हा बाविसावे पोप जॉन यांनी या टेकडीवर उन्हाळी किल्ला बांधवला. गावाच्या नावातला ‘पाप’ म्हणजे पोप, तो तिथून आला. वाइनच्या इतिहासात मात्र या गावाचे खरे महत्त्व विसाव्या शतकातले आहे. 1923 मध्ये बॅरन ल रवा या बागाइतदार वकिलाच्या पुढाकाराने इथल्या शेतकऱ्यांनी कोणत्या जमिनीवर, कोणत्या जातींची, किती पिकलेली द्राक्षे घ्यायची याचे नियम स्वतःवर घालून घेतले, आणि 1936 मध्ये फ्रान्सची राष्ट्रीय नामांकन पद्धत (म्हणजे गावाचे नाव लेबलवर लावायला त्या हद्दीतलीच, नियमांत बसणारी वाइन लागते, हा कायदा) सुरू झाली तेव्हा पहिल्या काही नावांत हे गाव होते. या नियमांत द्राक्षांच्या 13 जातींना परवानगी आहे. बोकास्तेल ही या तेराही जाती लावणाऱ्या मोजक्या वाइनरींपैकी एक आहे.

बोकास्तेलच्या बागा या पट्ट्याच्या उत्तर टोकाला, कुर्तेझों गावाजवळ आहेत. ल्योंहून दक्षिणेला जाताना तुम्ही ज्या ए-7 महामार्गाने गेला असाल, तोच महामार्ग या वाइनरीच्या जमिनीचे दोन भाग करतो : पश्चिमेकडचा भाग शातोनफ-द्यू-पापच्या हद्दीत येतो आणि पूर्वेकडचा, सुमारे 30 हेक्टरांचा, कूदुलेचा भाग हद्दीबाहेर राहतो. दोन्हीकडे जमिनीवर ऱ्होन नदीने युगानुयुगे घासून गुळगुळीत केलेल्या गोट्यांचा थर आहे. हे गोटे मुठीएवढे, काही तर नारळाएवढे असतात. दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. त्यांच्याखाली वाळू, चिकणमाती आणि प्राचीन समुद्रतळाचा चुनखडीयुक्त थर असल्यामुळे कडक उन्हाळ्यातही मुळांना खोलवर ओल सापडते. वरून उत्तरेचा मिस्त्राल वारा वाहतो, तो इतका जोरदार आणि कोरडा असतो की वेली झुडपासारख्या बुटक्या ठेवाव्या लागतात. मात्र त्याच वाऱ्यामुळे पानांवर ओल टिकत नाही आणि बुरशीचा त्रास कमी राहतो. या वाइनरीचे तेव्हाचे मालक जाक पेरँ यांनी आजूबाजूच्या लोकांच्या फार आधी रासायनिक खते आणि फवारण्या बंद केल्या, आणि 1974 पासून त्यांनी बायोडायनॅमिक शेतीची (सेंद्रिय शेतीचाच, चंद्राच्या कलाही पाहणारा प्रकार) वाट धरली. त्यांच्या या धाडसाला त्या वाऱ्याने मोठाच हातभार लावला, असे माझे मत आहे.

आता जेवणाशी थेट संबंध असलेली गोष्ट. शातोनफ-द्यू-पापमधल्या बहुतेक रेड वाइन ग्रेनाश या जातीच्या जोरावर उभ्या असतात. इथलीच दुसरी वाइनरी, शातो रायास, तर जवळपास निव्वळ ग्रेनाशचीच वाइन करते. ग्रेनाश म्हणजे पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा गोडसर वास, मऊपणा आणि भरपूर अल्कोहोल. बोकास्तेलमध्ये मात्र ग्रेनाशच्या बरोबरीने, साधारण तीस-तीस टक्के, मूर्वेद्र ही जात घेतात, आणि त्यात सिरा, कूनवाज आणि इतर जातींची भर घालतात. मूर्वेद्र उशिरा पिकते, काढणी बहुधा सगळ्यांत शेवटी होते, आणि तिच्याविषयी प्रोव्हाँसमधले शेतकरी म्हणतात की तिला तोंड उन्हात आणि पाय पाण्यात लागतात. गोट्यांखाली ओल धरून ठेवणारी बोकास्तेलची जमीन तिला नेमकी मानवते. तिच्यातून येणारा वास फळांपेक्षा मातीचा, चामड्याचा, मिरीचा आणि शिजलेल्या मांसाच्या रसाचा असतो; तोंडात तुरटपणा जास्त जाणवतो, आणि हवेशी तिचे फारसे बिनसत नसल्यामुळे ग्रेनाशलाही ती दीर्घायुष्य देते.

इथली वाइन करण्याची रीतही निराळी आहे. देठ काढलेली द्राक्षे क्षणभर सुमारे 80 अंशांपर्यंत तापवतात आणि लगेच 20 अंशांच्या आसपास थंड करतात. उष्णता सालीपुरतीच पोहोचते, गर शिजत नाही. हवेने रस काळवंडायला कारण होणारी एन्झाइम त्यामुळे निकामी होतात, सालीतला रंग आणि वास मोकळा होतो, आणि गंधकाचा वापर कमी ठेवता येतो. त्यानंतर प्रत्येक जात स्वतंत्रपणे आंबवतात, नंतर मिश्रण ठरवतात आणि ते मोठ्या, जुन्या ओक लाकडाच्या पिंपांत मुरत ठेवतात. नव्या छोट्या पिंपांमधून येणारा व्हॅनिलासारखा गोड वास या रेडमध्ये जवळजवळ नसतो. त्यामुळे वासात गोडसर असलेल्या पदार्थांपेक्षा मीठ, चरबी, औषधी पाने आणि खरपूस भाजलेली चव असलेल्या पदार्थांशी तिचे चांगले जुळते.

तुमची 2016 ची रेड आता छान मध्यावर आहे. ते साल दक्षिण ऱ्होनमध्ये अतिशय उत्तम गेले. फळ भरघोस आहे, तुरटपणा बारीक आहे, आणि बाटली आणखी पंधरा वर्षे सहज टिकेल. या वयाच्या बोकास्तेलला मला सगळ्यांत योग्य वाटणारा पदार्थ म्हणजे तिच्याच परिसरातला दोब : मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेले मांस. साधारणपणे तो गोमांसाचा करतात, पण तुमच्या घरी ते चालणार नसेल तर आव्हिन्योंच्या पद्धतीचा दोब मेंढीच्या मांसाचाच असतो आणि त्याला तिथे कुणी दुय्यम मानत नाही. खांद्याचे मांस मोठ्या तुकड्यांत कापून घ्या, कांदा, गाजर, लसूण, थाइम, तमालपत्रासारखे लॉरेलचे पान आणि संत्र्याच्या वाळवलेल्या सालीचा एक तुकडा घालून वाइनमध्ये रात्रभर मुरवा, आणि दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या भांड्यात, झाकण घट्ट लावून, रस्सा नुसता थरथरत राहील इतक्याच आचेवर चार तास ठेवा. मुरवायला आव्हिन्योंमध्ये बरेचदा व्हाइट वाइन घेतात, पण तुम्ही साधी कोत-द्यू-रोन (ऱ्होन खोऱ्याच्या सर्वसाधारण नावाने विकली जाणारी) रेड वापरलीत तरी चालेल. चांगली बाटली भांड्यात ओतू नका, कारण चार तासांनंतर तिच्यातले जे काही चांगले असते ते उडून गेलेले असते.

हे का जुळते, तेही सांगतो. वाइनमधला तुरटपणा लाळेतल्या प्रथिनांना धरतो, म्हणून तोंड कोरडे पडल्यासारखे होते. दोबात सांध्याजवळचे चिवट धागे विरघळून रस्सा चिकटसर झालेला असतो, त्याला चरबीचीही जोड असते. तुरटपणाला धरायला तोंडाशिवाय दुसरे काही मिळाले की वाइन एकदम मऊ लागू लागते. संत्र्याची साल आणि थाइम मूर्वेद्रमधल्या मातकट वासाला थोडी उजेडाची बाजू देतात. दोब आदल्या दिवशी करून दुसऱ्या दिवशी गरम करावा, असा तिकडचा रिवाज आहे आणि तो पाळण्यासारखा आहे.

दोब जमला नाही तर रोजमेरी आणि लसूण खोचून भाजलेली मेंढीची तंगडी घ्या. काळ्या ऑलिव्हची, अँचोव्ही आणि केपर घालून वाटलेली तापनाद नावाची चटणी तिच्या सोबत ठेवली तर या रेडला फार छान जोड मिळते. हिवाळ्यात याच परिसरातल्या रिशरांश आणि कार्पांत्रासच्या बाजारात काळे ट्रफल येतात. पण ट्रफल मी वीस वर्षांच्या पुढच्या बाटलीसाठी राखून ठेवतो. त्या वयात फळाचा जोर ओसरतो, तुरटपणा जवळजवळ विरतो आणि ओल्या पानांचा, मशरूमचा, शिकारीच्या मांसाचा वास वर येतो. तेव्हा दोबाचा दाट रस्सा तिला झाकून टाकतो आणि रानडुकराचा भाजलेला तुकडा किंवा लोण्यात परतलेली मशरूम तिला शोभतात. काही जुन्या सालांच्या बाटल्यांत, विशेषतः 1989 आणि 1990 च्या, ब्रेटानोमायसेस या यीस्टमुळे येणाऱ्या तबेल्यासारख्या वासाची जाणकारांमध्ये बरीच चर्चा झाली आहे. कुणाला तो वास दोष वाटतो, कुणाला स्वभाव. मला तो थोडा असेल तर चालतो, पण तेव्हा ताटात नाजूक काही नसावे.

आता व्हाइटकडे वळतो, कारण तुमच्या तीन बाटल्यांत तीच सगळ्यांत विलक्षण आहे, आणि पाहुणे आल्याआल्या खारवलेल्या काजूंबरोबर ती उघडून मोकळे होण्याचा धोका तिलाच सगळ्यांत जास्त आहे. शातोनफ-द्यू-पापमध्ये व्हाइटचे प्रमाण एकूण उत्पादनात अगदी थोडे आहे. बोकास्तेलच्या व्हाइटमध्ये साधारण 80 टक्के रूसान ही जात असते, उरलेल्यात मुख्यतः ग्रेनाश ब्लाँ. रूसानचा आंबटपणा कमी, अंग जाड, रंग सोनेरी आणि वास मधाचा, नासपतीचा, बदामाचा, जून झाल्यावर मेणाचा आणि अक्रोडाचा. ज्याला सोव्हिन्यों ब्लाँ या आंबटसर व्हाइटची लिंबासारखी चरचर अपेक्षित आहे, त्याला पहिला घोट गोंधळात टाकतो. म्हणून कच्चे कालव, लिंबू पिळलेली कोळंबी, व्हिनेगर घातलेले सॅलड यांच्याजवळ ही वाइन नेऊ नका. आंबट पदार्थाशेजारी ती सपक लागेल आणि दोष वाइनचा वाटेल.

रूसानच्या वयाचीही एक गंमत आहे. पहिली तीन-चार वर्षे ती खुललेली असते, मग काही वर्षे मिटून बसते, वास हरवल्यासारखी होते, आणि दहाएक वर्षांनी पुन्हा उघडते तेव्हा पहिल्यापेक्षा सखोल झालेली असते. तुमची 2019 ची बाटली नेमकी त्या मधल्या काळात आहे. घाई नसेल तर ती अंधाऱ्या, थंड जागी 2030 च्या पुढेपर्यंत ठेवा, असेच मी सुचवीन. या जेवणालाच उघडायची असेल तर दोन तास आधी उघडून डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरायच्या रुंद काचेच्या भांड्यात, ओता आणि 12 ते 14 अंशांवर वाढा. फ्रिजमधून काढलेल्या 5 अंशांच्या रूसानला काही चवच लागत नाही.

तिच्यासाठी पदार्थ शोधायला तुम्हाला ल्योंबाहेर जावेच लागणार नाही. पाइक माशाची केनेल, म्हणजे माशाच्या गराचा उकडलेला मऊ मुटका, आणि तिच्यावर लहान क्रेफिशच्या लोण्याचा नाँत्युआ सॉस, हा ल्योंचा पदार्थ जणू या वाइनसाठीच जन्मला आहे : सॉसची जाडी वाइनच्या जाडीला पेलते आणि क्रेफिशचा गोडवा रूसानमधल्या मधाच्या वासाला भेटतो. ब्रेसची कोंबडी, साय आणि मोरेल मशरूम घालून केलेली, ही दुसरी निवड. समुद्राकडे जायचे असेल तर नीमची ब्रांदाद, म्हणजे खारवलेला कॉड भिजवून ऑलिव्ह तेल आणि दुधात घोटलेला मऊ गोळा, फार छान लागतो. पाहा, यांपैकी एकही पदार्थ हलका नाही. ही व्हाइट मुख्य जेवणाबरोबरच वाढायची आहे. याच बागेतल्या जुन्या वेलींच्या निव्वळ रूसानची एक वेगळी बाटली असते. ती कधी मिळाली तर तिच्याबरोबर लॉब्स्टर आणि लोणी एवढेच पुरे.

कूदुलेविषयी फार लांबवण्याची गरज नाही. जमीन जवळपास तशीच, जातींत ग्रेनाश आणि मूर्वेद्र प्रमुख, जोडीला सिरा आणि सँसो. हद्दीबाहेर असल्यामुळे लेबलवर कोत-द्यू-रोन एवढेच लिहिता येते, म्हणून किंमत कमी. ल्योंची सॉसेज, सुके रोझेत, साधे भाजलेले चिकन यांच्याबरोबर ती आनंदाने प्यावी. (कूदुलेची व्हाइटही असते, तिच्यात नाशिकच्या बागांतून ओळखीची झालेली विओनिए ही जात असते, म्हणून वास फुलांचा आणि जर्दाळूचा येतो.)

आता मराठी अर्ध्या ताटाविषयी. इथे पहिला शत्रू मसाला नसून तिखट आहे. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते, आणि 14 टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल असलेली रेड झणझणीत रश्श्याबरोबर जीभ पोळते. तुरटपणाही कडवट होतो. म्हणून कोल्हापुरी तांबडा रस्सा या संध्याकाळी नको. उलट भाजलेल्या मसाल्यांशी मूर्वेद्रचे मनापासून जुळते. गोडा मसाल्यातले दगडफूल, भाजलेले खोबरे, तीळ आणि लवंग यांचा जो गडद, मातकट वास असतो, तोच धागा या वाइनमध्येही आहे. सासू-सासऱ्यांपैकी कुणी शाकाहारी असेल, तर गोडा मसाला आणि दाण्याचे कूट घालून केलेली भरली वांगी 2016 च्या रेडबरोबर निःशंक ठेवा. गूळ मात्र अगदी नावाला घाला आणि चिंचही जपून, कारण पदार्थात गोडी आली की कोरडी वाइन आंबट आणि तुरट लागू लागते. सुक्के मटण करणार असाल तर लाल तिखटाच्या जागी मिरी वाढवा, सिरा आणि मिरी यांचे जुने सख्य आहे.

व्हाइटच्या बाजूला ओल्या काजूची उसळ ठेवा. फ्रान्समध्ये ओले काजू मिळणे अवघड आहे, पण वाळलेले काजू रात्रभर भिजवून, नारळाच्या दुधात, हिरवी मिरची एखादीच घालून केलेली उसळही रूसानला फार शोभते : काजूचा स्निग्धपणा, नारळाची गोडसर चव आणि वाइनमधला बदामाचा वास एकाच घराण्यातले आहेत. तूप सोडलेला, कमी तिखट मसालेभातही चालेल. सोलकढी मात्र वाइनच्या पेल्यापासून लांब ठेवा. कोकमाच्या आंबटपणापुढे ही व्हाइट टिकत नाही. ज्यांना वाइन घ्यायची नाही त्यांच्यासाठी सोलकढी करा आणि ती जेवणाच्या शेवटी द्या. पुरणपोळी असेल तर तिन्ही बाटल्या बाजूला ठेवून शेजारच्या बोम-द-व्हनीज गावची गोड मस्कत थंड करून वाढा, वेलची-जायफळाशी ती छान बोलते.

फ्रेंच सहकारी चीजची वाट पाहतील. त्या वेळी रेडच हवी, असा आग्रह धरू नका. बकरीच्या दुधाचे पिकोदों किंवा चेस्टनटच्या पानांत बांधलेले बानों, तुमच्या जवळचे साँ-मार्सलाँ आणि चांगले मुरलेले कोंते, या चारही चीजना रेडपेक्षा व्हाइट जास्त मानवते, कारण मऊ चीजची साय रेडच्या तुरटपणाला धातूसारखी चव देते. म्हणून व्हाइटचा तिसरा हिस्सा चीजसाठी राखून ठेवा.

वाढण्याचा क्रम मी असा ठेवीन : पाहुणे येताच सॉसेज आणि तापनादबरोबर कूदुले, 15 अंशांच्या आसपास, किंचित थंड, मग टेबलावर केनेल किंवा काजूची उसळ आणि व्हाइट, नंतर दोब, भरली वांगी आणि 2016, शेवटी चीजबरोबर पुन्हा व्हाइट. 2016 ची बाटली सकाळी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल, जेवणाआधी तासभर डिकँटरमध्ये ओता, आणि 16-17 अंशांच्या वर जाऊ देऊ नका. तापवलेल्या घरातल्या 22 अंशांवर ग्रेनाशमधले अल्कोहोल नाकात चढते. पेले मोठे घ्या आणि एक-तृतीयांशच भरा. व्हाइट उरलीच तर कॉर्क लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढून अर्ध्या तासाने चाखून पाहा. मिटलेली रूसान पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच खुलते.